रुधिराभिसरणाचा शोधक विल्यम हार्वे

हृदयरोगाच्या मोठ्या रुग्णालयांत आज एक विलक्षण चित्र पाहावयास मिळतें. रोग्याच्या छातीचीं क्ष-किरणांनीं घेतलेलीं शेंकडों छायाचित्रें संगणकाच्या स्वाधीन केलीं जातात. संगणक त्यांवरून त्या रोग्याच्याच रक्तवाहिन्यांची प्रतिकृति पडद्यावर उभी करतो, आणि तींतून वाहणारें रक्त तांबड्या, पिवळ्या व निळ्या रेषांनीं दाखवितो. प्रवाह जेथें वेगवान तेथें एक रंग, जेथें मंद तेथें दुसरा. वैद्यानें वाहिनीचा अरुंद झालेला भाग पडद्यावर रुंद केला, तर प्रवाहाचे रंग कसे पालटतील हेंही त्यास पाहतां येतें. रोग्याच्या अंगाला शस्त्र न लावतां शस्त्रक्रियेचा परिणाम अजमावण्याची ही युक्ति गेल्या कांहीं दशकांतली आहे. परंतु रक्त हें शरीरांत एकाच दिशेनें व वर्तुळाकार वाहतें, आणि तें किती वाहतें याचा हिशेब मांडतां येतो, ही गोष्ट ज्यानें सप्रमाण जगापुढें ठेविली, त्या पुरुषास निधन पावून साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या विल्यम हार्वेचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचण्याजोगें आहे.

इंग्लंडच्या केंट परगण्यांत, समुद्रकांठीं, फोकस्टन नांवाचें गांव आहे. तेथें १ एप्रिल १५७८ रोजीं हार्वेचा जन्म झाला. बाप टॉमस हा गांवांतला वजनदार गृहस्थ असून पुढें तेथील नगराध्यक्ष झाला. त्याला सात मुलगे. विल्यम हा सर्वांत थोरला. धाकट्या भावांपैकीं बहुतेक लंडनमध्यें व्यापारांत पडले व श्रीमंत झाले. हा एकटाच विद्येच्या मागें लागला. भावाभावांचें प्रेम मात्र अखेरपर्यंत टिकलें, आणि पैशाच्या व्यवहारांत विल्यम पुढें सर्वस्वीं एलियाब या भावावर विसंबून राहिला. दहाव्या वर्षीं त्याला कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्यें घातलें, पंधराव्या वर्षीं तो केंब्रिजच्या कीज कॉलेजांत गेला आणि १५९७ सालीं पदवीधर झाला. वैद्यकाचें खरें शिक्षण त्या काळीं इंग्लंडांत मिळण्यासारखें नव्हतें. तें ज्याला हवें असे त्यानें इटलीची वाट धरावी. त्याप्रमाणें हार्वे पादुआ येथें गेला.

पादुआच्या विद्यापीठांत फाब्रिसियस हा वृद्ध आचार्य शारीरशास्त्र शिकवीत असे. त्याच काळीं गॅलिलिओही तेथें गणिताचा अध्यापक होता. फाब्रिसियसच्या खटपटीनें लांकडाचें एक लंबवर्तुळाकार प्रेक्षागृह बांधलें गेलें होतें, व तें अजून उभें आहे. मध्यें खोलांत शवच्छेदनाचें मेज, आणि त्याभोवतीं एकावर एक चढत गेलेले सहा अरुंद सज्जे. विद्यार्थी कठड्याला टेकून, खांद्याला खांदा लावून उभे राहत आणि मेणबत्त्यांच्या उजेडांत खालीं काय चाललें आहे तें पाहत. येथेंच हार्वेनें गुरूच्या तोंडून शिरांमधील झडपांचें वर्णन ऐकिलें. हातापायांच्या शिरा उभ्या चिरल्या, तर आंत ठिकठिकाणीं पातळ त्वचेचे चिमुकले खिसे आढळतात. या खिशांचीं तोंडें नेहमीं हृदयाकडे असतात. फाब्रिसियसनें १६०३ सालीं यांवर ग्रंथ लिहिला, सुंदर चित्रें काढविलीं. पण त्या झडपा कशासाठीं आहेत हें मात्र त्याला उमगलें नाहीं. रक्त हातापायांत एकदम धांवून सांचूं नये म्हणून निसर्गानें घातलेले हे बांध आहेत, असें त्याचें मत होतें. म्हातारपणीं हार्वेला रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानें विचारलें असतां, आपल्या शोधाचा पहिला धागा या झडपांत सांपडला असें त्यानें सांगितल्याचें बॉइलनें नमूद करून ठेविलें आहे. गुरूनें दाखविलेली वस्तु शिष्यानें वेगळ्या डोळ्यांनीं पाहिली, एवढाच काय तो फरक.

त्या काळीं रक्ताविषयीं कोणती समजूत रूढ होती हें सांगितल्यावांचून पुढील हकीकतीचें महत्त्व ध्यानीं यावयाचें नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील गेलन या ग्रीक वैद्याचे ग्रंथ युरोपांत जवळजवळ चौदाशें वर्षें प्रमाण मानले जात. त्याच्या मतें खाल्लेल्या अन्नाचें यकृतांत रक्त बनतें. तें शिरांतून सर्व शरीरभर पसरतें आणि जेथल्या तेथें खर्ची पडतें. आपल्याकडे पाटाचें पाणी शेतांत जातें व तेथेंच जिरतें, परत विहिरींत येत नाहीं, तसा हा प्रकार. कांहीं थोडें रक्त हृदयाच्या उजव्या बाजूंतून, मधल्या पडद्यांतील अदृश्य छिद्रांवाटे, डाव्या बाजूंत झिरपतें, तेथें वायूशीं मिसळतें व धमन्यांत जातें. हीं छिद्रें कोणी पाहिलीं नव्हतीं. व्हेसेलियस यानें सोळाव्या शतकांत त्यांविषयीं उघड शंका घेतली. उजवीकडील रक्त डावीकडे फुफ्फुसांतून जातें हें तेराव्या शतकांत इब्न अल्-नफीस या अरब वैद्यानें लिहून ठेविलें होतें, आणि सोळाव्या शतकांत सर्व्हेटस व कोलंबो यांनींही तेंच प्रतिपादिलें. पण हे सर्व सुटे सुटे तुकडे होते. यकृतापासून निघून शरीरांत जिरणारा तो मोठा पाट कोणीं बुजविला नव्हता.

१६०२ च्या एप्रिलांत हार्वे पादुआची पदवी घेऊन स्वदेशीं परतला. दोन वर्षांनीं त्यानें एलिझाबेथ राणीच्या एका वैद्याच्या मुलीशीं विवाह केला; तिचेंही नांव एलिझाबेथच. त्यांना मूल झालें नाहीं. १६०९ पासून तो लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचा वैद्य झाला. आठवड्यांतून निदान एक दिवस तेथें बसून गरिबांना औषधें लिहून द्यावीं अशी त्याच्या कामाची अट होती. वैद्यमंडळानें १६१५ सालीं त्यास शारीरशास्त्राचा व्याख्याता नेमलें, आणि पहिलीं व्याख्यानें १६१६ च्या एप्रिल महिन्यांत झालीं. त्याच महिन्यांत शेक्सपिअर मरण पावला. या व्याख्यानांचीं टांचणें आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. निम्में लॅटिन, निम्में इंग्रजी, आणि अक्षर असें कीं वाचणाऱ्या विद्वानांना घाम फुटावा! स्वतः पाहिलेल्या गोष्टींपुढें मात्र तो आपल्या नांवाचीं आद्याक्षरें घालीत असे. दुसऱ्याचें ऐकलेलें कोणतें आणि आपण पाहिलेलें कोणतें याची ही खूण आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

हृदयाचें चलन पाहावयाचें म्हटलें तर मोठी अडचण त्याच्या वेगाची. उष्ण रक्ताच्या प्राण्यांत हृदय इतकें त्वरेनें हलतें कीं आकुंचन कोणतें आणि प्रसरण कोणतें हेंच कळत नाहीं. प्रथम तर हार्वेलाही, हें रहस्य केवळ परमेश्वरच जाणूं शकेल, असें वाटूं लागलें होतें. मग त्यानें युक्ति काढली. बेडूक, साप, मासे, गोगलगाई यांचें हृदय सावकाश चालतें, तें पाहावें. किंवा मरणोन्मुख प्राण्याचें पाहावें, कारण तेथेंही गति मंद होते. थेम्स नदींत एक जातीचा बारीक पारदर्शक झिंगा सांपडतो, त्याचें हृदय कांचेच्या खिडकींतून पाहावें तसें बाहेरून दिसतें. तो तें मित्रांस दाखवी. उबवणीस ठेविलेल्या कोंबडीच्या अंड्यांत चौथ्या दिवशीं दिसणारा, क्षणांत प्रकट होणारा व क्षणांत नाहींसा होणारा तांबडा ठिपकाही त्यानें न्याहाळला. या सर्वांवरून त्याची खात्री झाली कीं हृदयाचें खरें काम आकुंचनांत आहे. तें आवळतें, घट्ट होतें व रक्त बाहेर लोटतें. धमनीची नाडी उडते ती या धक्क्यानें.

सापावरील त्याचा प्रयोग तर अगदीं निर्णायक आहे. हृदयांत येणारी मोठी शीर चिमट्यानें दाबली कीं हृदय आणि चिमटा यांमधला भाग लगेच रिकामा होतो, हृदय फिकें व लहान पडतें, आणि जणूं आतां मरणार असें दिसतें. चिमटा काढतांच रंग व आकार दोन्ही परत येतात. उलट हृदयांतून निघणारी धमनी दाबली, तर हृदय फुगतें, काळेंनिळें होतें आणि गुदमरूं लागतें. येण्याची वाट एक व जाण्याची दुसरी, हें याहून स्पष्ट कसें दाखवावें? आज अशा प्रयोगांविषयीं आपली मनें अधिक हळवीं झालीं आहेत आणि तें योग्यच आहे. पण त्या काळीं पाहण्याची दुसरी सोय नव्हती हेंही खरें.

परंतु माझ्या मतें हार्वेची खरी थोरवी सुरीपेक्षां त्याच्या गणितांत दिसते. मृत मनुष्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यांत त्याला दोन औंसांहून अधिक रक्त मावलेलें आढळलें होतें. तो म्हणतो त्याचा आशय असा: समजा, प्रत्येक ठोक्याबरोबर यांतलें केवळ चौथाई, म्हणजे अर्धा औंसच रक्त बाहेर पडतें. अर्ध्या तासांत हृदय हजाराहून अधिक वेळां ठोके देतें; आपण हजारच धरूं. म्हणजे अर्ध्या तासांत पांचशें औंस झालें. हें आपल्या मापानें जवळजवळ १४ किलो होतें, आणि दिवसाचा हिशेब केला तर सातशें किलोंच्या आसपास जातो. कोणता मनुष्य एका दिवसांत इतकें खातो-पितो, कीं त्याचें इतकें रक्त व्हावें? सबंध शरीर पिळून काढलें तरी अर्ध्या तासाचा हा सांठा त्यांत सांपडत नाहीं. तेव्हां रक्त नवें बनत नाहीं. तेंच तें रक्त फिरून फिरून येतें. हार्वेनें सर्व आंकडे मुद्दाम कमी धरले होते, कारण आंकडा जितका लहान तितकें विरोधकाचें तोंड लवकर बंद होणार. प्रत्यक्षांत निरोगी प्रौढ मनुष्याचें हृदय विसांव्याच्या स्थितींत एका ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर, म्हणजे दर मिनिटास ५ लिटर रक्त ढकलतें. आणि शरीरांत एकंदर रक्तही सुमारें ५ लिटरच असतें. सगळें रक्त मिनिटाभरांत एक फेरी करून येतें, असें म्हटलें तरी चालेल.

आजचा संगणक करतो तें मुळांत हेंच. त्याला रक्तवाहिनीचा आकार दिला कीं तो तिचे लाखों सूक्ष्म भाग पाडतो, आणि प्रत्येक भागाविषयीं विचारतो कीं आंत किती आलें व बाहेर किती गेलें; कारण मधल्यामध्यें रक्त नाहींसें होऊं शकत नाहीं कीं निर्माणही होऊं शकत नाहीं. त्याला जोड म्हणून दाब, वेग आणि रक्ताचा चिकटपणा यांचे नियम लावतो. हार्वेनें सबंध शरीराचा एक मोठा हिशेब केला. संगणक तोच लाखों ठिकाणीं, एका ठोक्याच्या काळांत हजारों वेळां करतो.

हार्वेचा आणखी एक प्रयोग असा आहे कीं त्यास ना शस्त्र लागतें ना प्राणी. त्याच्या पुस्तकांतलीं चित्रेंही याच प्रयोगाचीं आहेत. दंडाला पट्टी अतिशय घट्ट आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते व हात फिका होतो, कारण खोलवर असलेल्या धमन्याच बंद झालेल्या असतात. पट्टी थोडी सैल केली कीं हात एकदम लाल होऊन शिरा टरारून फुगतात: धमन्यांतून रक्त येऊं लागलें, पण कातड्याजवळच्या शिरा अजून दबलेल्या असल्यानें परत जाऊं शकत नाहीं. (ही पट्टी विद्यार्थ्यांनीं स्वतः बांधूं नये, घट्ट बंधन हाताला अपाय करतें.) पुढचा भाग मात्र कोणालाही घरीं पाहतां येईल. वडील माणसाच्या हाताच्या पाठीवरची अगर पुढच्या हातावरची ठळक शीर निवडा. तिच्यावर एक बोट दाबून ठेवा, आणि दुसऱ्या बोटानें त्या शिरेंतलें रक्त खांद्याच्या दिशेनें पुसत न्या. दुसरें बोट उचललें तरी झडपेपर्यंतची शीर रिकामीच राहते. वरून रक्त खालीं उतरत नाहीं. पहिलें बोट उचलतांच ती खालून भरते. फाब्रिसियसचे ते बांध वस्तुतः एका बाजूनें उघडणारे दरवाजे होते, आणि ते सगळे हृदयाकडे जाणाऱ्या रक्तालाच वाट देत होते.

हें सर्व ध्यानांत येऊनही हार्वेनें घाई केली नाहीं. व्याख्यानांस प्रारंभ झाल्यावर बारा वर्षांनीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, १६२८ सालीं त्याचें पुस्तक जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें छापलें गेलें. लॅटिन भाषेंत लिहिलेलीं बहात्तर पानें, कागद हलका, आणि मुद्रणदोष विपुल. हृदय आणि रक्त यांच्या गतीसंबंधीं एवढ्या लहान पुस्तकानें जितकी उलथापालथ केली तितकी मोठमोठ्या ग्रंथांनीं केली नाहीं. राजा चार्ल्स यास तें अर्पण केलें असून, राज्यांत जसा राजा तसें शरीरांत हृदय, अशी उपमा त्यांत योजिली आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, तिचा पाऊस पडतो आणि पाणी पुन्हा समुद्रास मिळतें, या निसर्गचक्राशींही त्यानें रक्ताच्या फेरीची तुलना केली आहे.

या शोधानें हार्वेचें काय साधलें? तात्काळ म्हणाल तर नुकसान. जॉन ऑब्री नांवाच्या चरित्रकारानें, जो त्याला प्रत्यक्ष ओळखत होता, असें लिहून ठेविलें आहे कीं पुस्तक निघाल्यावर हार्वेची वैद्यकी फार घसरली, लोक त्याला डोकें फिरलेला समजूं लागले आणि सारे वैद्य त्याच्या विरुद्ध गेले. हें स्वाभाविक होतें. त्या काळीं बहुतेक रोगांवर शीर तोडून रक्त काढणें हा उपाय असे, व कोणत्या रोगांत कोणती शीर तोडावी याचें मोठें शास्त्र गेलनच्या मतावर रचलेलें होतें. रक्त सर्वत्र तेंच फिरत असेल तर या शास्त्राला काय अर्थ राहिला? प्रिमरोज नांवाच्या तरुण वैद्यानें १६३० सालींच खंडनपर ग्रंथ लिहिला. पॅरिसच्या रिओलान या नामांकित आचार्यानें तर आयुष्यभर विरोध केला. हार्वेनें इतरांना उत्तर दिलें नाहीं. रिओलानला तेवढें १६४९ सालीं दिलें, आणि तेंही सभ्य भाषेंत. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानें रक्त फिरतें हें मान्य केलें, पण हृदय आकुंचनानें रक्त लोटतें हें मानलें नाहीं. हृदयांतल्या उष्णतेनें रक्त उकळून फुगतें असें त्याचें म्हणणें. पाहणाऱ्यापेक्षां तर्क करणारा कसा चुकतो त्याचें हें उदाहरण आहे.

राजाचा मात्र त्याच्यावर लोभ होता. चार्ल्स राजाची जिज्ञासा खरी होती. एका आयरिश उमरावाचा माँटगोमेरी नांवाचा तरुण मुलगा लहानपणीं पडून त्याच्या छातीला डाव्या बाजूस मोठी जखम झाली होती, आणि ती बरी झाल्यावरही तेथें एक भोंक कायम राहिलें होतें. हार्वेनें त्यांत बोटें घालून जिवंत मनुष्याचें हृदय चांचपलें. राजासही नेऊन दाखविलें. हृदयाला स्पर्श केला तरी त्या तरुणास त्याची जाणीव होत नसे, याचें दोघांनाही आश्चर्य वाटलें. १६३४ सालीं दुसरेंच काम अंगावर आलें. लँकशायर परगण्यांत एका लहान मुलाच्या सांगण्यावरून कांहीं बायकांना चेटकिणी ठरवून शिक्षा झाली होती. त्यांपैकीं चौघींना लंडनला आणून, त्यांच्या अंगावर सैतानाची खूण आहे कीं काय, हें पाहण्याची जबाबदारी राजानें हार्वेवर टाकली. त्याच्या देखरेखीखालीं शस्त्रवैद्यांनीं व सुइणींनीं त्यांना तपासलें, व अस्वाभाविक असें कांहीं आढळलें नाहीं असा अभिप्राय दिला. पुढें त्या मुलानेंही सर्व खोटें रचल्याचें कबूल केलें. ज्या युगांत शहाणे म्हणविणारे लोकही चेटकावर विश्वास ठेवीत, त्या युगांत हा अभिप्राय लहान नव्हे.

१६४२ सालीं राजा आणि पार्लमेंट यांच्यांत यादवी युद्ध पेटलें. हार्वे राजाबरोबर होता. एजहिलच्या लढाईच्या दिवशीं बारा व नऊ वर्षांचे दोन राजपुत्र त्याच्या हवालीं केले होते. ऑब्री सांगतो कीं त्या दोघांस घेऊन तो एका कुंपणाच्या आडोशाला बसला आणि खिशांतून पुस्तक काढून वाचूं लागला. जवळच तोफेचा गोळा येऊन आदळला तेव्हां कोठें त्यानें जागा बदलली. ही गोष्ट वाचून हंसूं येतें. पण त्याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट हंसण्यासारखी नाहीं. पार्लमेंटच्या शिपायांनीं लंडनमधील त्याचें बिऱ्हाड लुटलें आणि अनेक वर्षांच्या निरीक्षणांचीं टांचणें नष्ट केलीं. कीटकांच्या उत्पत्तीवरील सारी टिपणें त्यांत गेलीं. सामान गेल्याचें दुःख त्यानें कधीं केलें नाहीं, परंतु हे कागद गेल्याचा सल त्याच्या मनांत मरेपर्यंत राहिला. नकला न ठेवणाऱ्या विद्वानांवर असे प्रसंग सर्वच काळीं आले आहेत.

राजा हरला, ऑक्सफर्ड शरण गेलें, आणि तेथील मर्टन कॉलेजचें प्रमुखपद एक वर्षभर भूषवून हार्वे भावांच्या घरीं येऊन राहिला. संधिवातानें तो हैराण असे. फार ठणका लागला कीं पाय थंड पाण्यांत बुडवून बसे. लंडनमध्यें कॉफीचीं दुकानें निघण्यापूर्वींच त्याला व एलियाबला कॉफीची चटक लागली होती. अंधारांत विचार चांगले सुचतात म्हणून तो काळोख्या जागेंत बसे. जॉर्ज एंट या मित्रानें आग्रह केला, म्हणून प्राण्यांच्या उत्पत्तीवरील त्याचा दुसरा ग्रंथ १६५१ सालीं बाहेर पडला. सर्व प्राणी अंड्यांतून उत्पन्न होतात हा त्याचा सिद्धांत. या गंभीर ग्रंथांत त्याच्या पत्नीच्या पोपटाचीही हकीकत आली आहे. तो गोड बोले, तिच्या मागें हिंडे, आणि सर्वजण त्याला नर समजत. मेल्यावर चिरून पाहिला तों पोटांत अंडें! शास्त्रज्ञाच्या घरच्या पोपटाचीही अशी मरणोत्तर तपासणी झाली.

१६५४ सालीं वैद्यमंडळानें त्याला अध्यक्षपद देऊं केलें. वृद्धापकाळाचें कारण सांगून त्यानें तें नाकारलें. स्वखर्चानें बांधलेलें ग्रंथालय मात्र त्यानें मंडळास दिलें आणि केंटमधील वडिलार्जित जमीनही देऊन टाकली, व दरवर्षीं एक व्याख्यान व्हावें अशी व्यवस्था केली. तें व्याख्यान अजून होतें. ग्रंथालय १६६६ च्या लंडनच्या आगींत भस्म झालें. ३ जून १६५७ रोजीं सकाळीं अर्धांगानें त्याची वाचा गेली. आपण वांचत नाहीं हें ओळखून त्यानें पुतण्यांना बोलावून घेतलें, आपलें घड्याळ व इतर वस्तु त्यांस आठवण म्हणून वांटल्या, आणि त्याच दिवशीं त्यानें देह ठेविला. एसेक्समधील हेम्पस्टेड गांवीं त्याचें दफन झालें. १८८३ सालीं वैद्यमंडळानें त्याचे अवशेष तेथेंच संगमरवरी पेटींत ठेविले.

हार्वेच्या साखळींतली एक कडी त्याच्या हयातींत मिळाली नव्हती. धमन्यांतलें रक्त शिरांत जातें कसें? कोठें तरी जोड असलाच पाहिजे हें त्याला गणितानें कळलें होतें; पण तो त्यानें कधीं पाहिला नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनीं, १६६१ सालीं, इटलींत माल्पिघी यानें बेडकाचें फुफ्फुस सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें आणि केंसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचें जाळें त्याच्या दृष्टीस पडलें.

त्यापुढील काम मोजणाऱ्यांचें आहे. स्टीफन हेल्स या इंग्लिश धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनींत नळी बसवून तिला उंच कांचेची नळी जोडली, तेव्हां रक्त ८ फूट ३ इंच वर चढलें. हें त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि रक्तदाब म्हणजे काय हें प्रथम कळलें. फ्रान्समध्यें प्वाझय या वैद्यानें १८४० च्या सुमारास बारीक कांचनळ्यांतून द्रव पदार्थ वाहवून पाहिले. नळीची रुंदी निम्मी केली तर, दाब तोच असतां, प्रवाह निम्मा न होतां सोळाव्या हिश्श्यावर येतो असें त्याच्या नियमांवरून निघतें. रक्तवाहिनी थोडीशी चोंदली तरी वैद्य इतके कां घाबरतात याचा यावरून उलगडा होतो. नाव्हिए व स्टोक्स यांनीं त्याच शतकांत प्रवाही पदार्थांचीं समीकरणें मांडलीं. पण नागमोडी वळणाच्या, लवचिक आणि ठोक्याठोक्याला फुगणाऱ्या वाहिनीसाठीं तीं हातानें सोडविणें अशक्य होतें. तेथें संगणक उपयोगी पडला. १९७२ सालीं न्यूयॉर्कमध्यें चार्ल्स पेस्किन या गणितज्ञानें हृदयाच्या झडपेभोंवतीं रक्त कसें वळतें हें संगणकावर काढून दाखविण्याची नवी रीत बसविली: रक्त झडपेला हलवितें आणि झडप रक्ताला वळविते, हे दोन्ही हिशेब एकदम चालविण्याची. (झडपेमागें रक्ताचे भोंवरे कसे फिरतात हें जाणण्यासाठीं लिओनार्दो द व्हिंची यानें सोळाव्या शतकाच्या आरंभीं कांचेच्या नळीचा नमुना योजून पाण्यांत गवताचें बीं सोडण्याची कल्पना लिहून ठेविली होती, पण तीं पानें कित्येक शतकें अप्रकाशितच राहिलीं.)

आज हृदयाचा एकच खालचा कप्पा घेऊन जन्मलेल्या बालकावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं, कोणती वाहिनी कोठें व कोणत्या कोनांत जोडली असतां दोन्ही फुफ्फुसांना सारखें रक्त मिळेल, याच्या दोन-चार रचना पडद्यावर करून पाहतां येतात. त्यांतली कोणती त्या बालकाला मानवेल हें मात्र शस्त्रवैद्यालाच ठरवावें लागतें. मोठ्या धमनींत रक्त हा एकसारखा द्रव मानून हिशेब चालतो. केशवाहिन्यांत तो चालत नाहीं, कारण तेथें वाहिनी तांबड्या रक्तपेशीइतकीच रुंद, आणि कित्येक ठिकाणीं तिच्याहूनही अरुंद असते. पेशी एकामागून एक, अंग दुमडून, कशाबशा पुढें सरकतात. तेथें प्रत्येक पेशीचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो, व अत्यंत शक्तिमान संगणकांनाही शरीराच्या एका चिमुकल्या तुकड्यासाठीं फार वेळ लागतो. हार्वेला जो जोड दिसला नाहीं, तेथेंच अजूनही संगणकाला सर्वांत अधिक कष्ट पडतात.